क्राफ्ट मशीनवर शीटचा दोष शोधताना: आधी मोजपट्टी, मग व्हॉल्व्ह

क्राफ्ट म्हणजे खोक्यांचा तपकिरी कागद. तो घेणाऱ्या चाकण-रांजणगावच्या बॉक्स प्लांटकडून येणारी तक्रार बहुधा तीन शब्दांत आटोपलेली असते. ‘रोल ढिला आहे.’ ‘कड ओली लागतेय.’ ‘बीएफ मिळत नाही’, म्हणजे कागद लवकर फुटतो. एवढ्यावरून मशीनवर नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही, तरी फोन ठेवल्याबरोबर कुणीतरी स्टीमचा व्हॉल्व्ह फिरवायला निघतं. स्टीम वाढवली की ओला पट्टा सुकतो खरा, पण बाकीची शीट कोरडीठाक पडून ठिसूळ होते आणि ज्या फेल्टमुळे (ओली शीट प्रेसमधून नेणारं जाड कापड) किंवा स्लाइसच्या लिपमुळे (पल्प ज्या फटीतून बाहेर पडतो तिची कड) तो पट्टा आला ते जिथल्या तिथेच राहतं. पोप रीलवर, म्हणजे कागद गुंडाळला जातो तिथे, दिसणारा दोष बहुतेक वेळा ड्रायरच्या बराच आधी तयार झालेला असतो. तो कुठे झाला हे ठरवायला लागतात एक मोजपट्टी, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, उजेडाची पेटी आणि थोडा धीर.

पुढचं सगळं वेस्ट पेपरवर चालणाऱ्या, एकाच वायरच्या फोरड्रिनिअर क्राफ्ट मशीनला धरून आहे. अशा मशीनवर हेडबॉक्समधून पातळ पल्प फिरत्या जाळीवर, म्हणजे वायरवर, पडतो; तिथे पाणी निथळून शीट बनते, ती प्रेसमध्ये पिळली जाते, ड्रायरवर सुकते आणि रीलवर गुंडाळली जाते. हिशेबासाठी एकच मशीन घेऊ: वेग मिनिटाला ३०० मीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, डेकल (कागदाची रुंदी) २.६ मीटर, कागद १२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). आपल्या मशीनचे आकडे त्या जागी घालून घ्या.

नमुना

रील उतरल्यावर वरचे पाच-सहा वेढे काढून टाका. रील बदलताना ते ताणलेले, चुरगळलेले असतात. मग पूर्ण रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, एकमेकींपासून चार-पाच मीटर अंतरावर. एकच पट्टी घेतली तर लांबीतला चढउतार रुंदीतला समजण्याची चूक हमखास होते. लांबीतला दोष बघायचा असेल तर सलग आठ-दहा मीटरचा तुकडा घ्या. त्याहून लांब हवा असेल तर रिवाइंडरवर रील सावकाश उलगडून दोषाच्या जागी खडूने खुणा करत जा.

प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने रील नंबर, वेळ, टेंडिंग साइड (मशीनवर माणसं उभी राहतात ती बाजू), वायरची बाजू आणि कागद धावण्याच्या दिशेचा बाण. बाण नसलेला नमुना रद्दी समजा. आणि चालत्या प्रेसच्या निपपाशी (दोन रोल भिडतात तिथे) किंवा ड्रायरच्या खिशात (सिलिंडरांमधल्या पोकळीत) हात घालून कधीही नमुना ओढायचा नाही, मग तुकडा कितीही हाताशी आलेला दिसो.

आता टेबलावर पट्ट्या पसरून बघा. दोष ठरावीक अंतराने परत येतोय का? रुंदीत एकाच जागी उभा आहे का? की कुठेही, कसाही उमटतोय? या तिन्हींची कारणं मशीनच्या वेगवेगळ्या भागात असतात.

ठरावीक अंतराने परत येणारा दोष

हा सगळ्यांत सोपा, कारण तो आपला पत्ता स्वतःच सांगतो. मशीनवर फिरणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा एक घेर असतो. रोलचा घेर म्हणजे व्यास गुणिले ३.१४. ४०० मिमीचा ब्रेस्ट रोल (वायरच्या सुरुवातीचा) १.२६ मीटर, ६०० मिमीचा प्रेस रोल १.८८ मीटर, १५०० मिमीचा ड्रायर ४.७१ मीटर. वायर समजा २२ मीटर, पहिला फेल्ट १६ मीटर. ही यादी एकदा करून लॅबच्या भिंतीवर लावा. रोल ग्राइंड होऊन आला की व्यास बदलतो, म्हणून आकडा तेव्हाच दुरुस्त करा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. वायरपासून रीलपर्यंत प्रत्येक ड्रॉमध्ये, म्हणजे एका भागातून पुढच्या भागात जाताना, शीट थोडी ताणली जाते. त्यामुळे २२ मीटरच्या वायरवरची खूण रीलवर बरोबर २२ मीटरला न येता २२.५ ते २२.९ ला येऊ शकते. मोजलेला आकडा घेरापेक्षा दोन-चार टक्के जास्त निघाला तर घाबरू नका. जितका दोष मशीनच्या वायरकडच्या टोकाला तयार झालेला, तितका हा फरक मोठा. ड्रायरवरची खूण जवळजवळ तंतोतंत बसते.

भोक २२.६ मीटरला येतंय? वायरला डाग, छिद्र किंवा चिकटलेला गोळा आहे. १६.३ ला येतंय? फेल्ट. ४.७ ला चकाकी किंवा उपटलेले तंतू? कुठल्यातरी ड्रायरवर खपली बसलीय. डॉक्टर ब्लेड (सिलिंडर खरवडणारं पातं) बघा.

आडव्या पट्ट्या जवळजवळ, म्हणजे तीसेक सेंटिमीटरच्या आत येत असतील तर तेवढ्या घेराचा रोल मशीनवर नसतो. तिथे संशय जातो हेडबॉक्सकडे येणाऱ्या दाबाच्या ठोक्यांवर. ठोक्यांची गती काढायची रीत: सेकंदाचा वेग भागिले अंतर. २५ सेंटिमीटर अंतर असेल तर ५ भागिले ०.२५, म्हणजे सेकंदाला २० ठोके. प्रेशर स्क्रीनचा (पल्प गाळणाऱ्या चाळणीचा) रोटर ६०० आरपीएमवर आणि त्याला दोन फॉइल (पाती) असतील तर सेकंदाला बरोबर २० ठोके पडतात. चोर सापडला म्हणायला हरकत नाही. पण फॅन पंप (हेडबॉक्सकडे पल्प ढकलणारा) १४५० आरपीएमवर फिरत असेल आणि त्याचा इम्पेलर एका बाजूला झिजलेला असेल तर फेरीमागे एक असे सेकंदाला सुमारे २४ ठोके पडतात, आणि कागदावरचं अंतर येतं २०.७ सेंटिमीटर.

२५ आणि २०.७ डोळ्याने वेगळे ओळखू येत नाहीत. एकच अंतर मोजलं तर पट्टीची सुरुवात कुठली आणि शेवट कुठला यातच दोन सेंटिमीटर जातात. म्हणून नेहमी दहा अंतरं एकत्र मोजा: स्क्रीन असेल तर अडीच मीटरच्या आसपास, पंप असेल तर दोन मीटर सात सेंटिमीटरच्या आसपास. ड्रॉचा ताण धरूनही या दोन आकड्यांत गल्लत होत नाही. पट्ट्या पुसट असतील तर तुकडा खिडकीसमोर धरून तिरक्या नजरेने बघा, किंवा जमिनीवर पसरून दुसऱ्या टोकाकडून बॅटरी जमिनीलगत मारा; सरळ उजेडात न दिसणारा पट्टा त्यात उठून दिसतो.

तरी खात्री नसेल तर मशीनचा वेग थोडा बदला. ३०० वरून २८५ केल्यावर दहा अंतरांचे २५० सेंटिमीटर २३७ च्या आसपास आले, तर ठोका मशीनच्या वेगाशी बांधलेला नाही. तो पंप, स्क्रीन किंवा अजिटेटरमधून (टाकीतल्या ढवळण्याच्या पंख्यातून) येतोय. अंतर होतं तेवढंच राहिलं तर दोष मशीनसोबत फिरणाऱ्या रोल, वायर किंवा फेल्टमध्ये आहे. या एका चाचणीने मेंटेनन्सचे कितीतरी तास वाचतात. अगदी चांगला पंप उघडून बसण्याची वेळ येत नाही.

हळू हेलकावा

रीलच्या सुरुवातीला ११७ जीएसएम, मध्ये १२३, शेवटी ११८ असं येत असेल तर तो ठोका नाही, हेलकावा आहे, आणि त्याचं मूळ बहुधा मशीन चेस्ट (तयार पल्पची टाकी) आणि बेसिस वेट व्हॉल्व्ह (मशीनला जाणारा पल्प कमीजास्त करणारा) यांच्या दरम्यान असतं. कन्सिस्टन्सी (पल्पमधलं तंतूंचं प्रमाण) ३.० टक्क्यांवरून ३.१ झाली की तेवढ्याच व्हॉल्व्हवर १२० चा कागद १२४ होतो. ट्रान्समीटरवर विसंबू नका. हाताने नमुना काढून, गाळून, सुकवून तपासा.

स्टफ बॉक्स (पल्पचं हेड, म्हणजे पातळीचा दाब, स्थिर ठेवणारी टाकी) कायम ओव्हरफ्लो होत असला पाहिजे. तो थांबला की हेड बदलतं आणि जीएसएम त्याच्यामागे जातं. नंतर बेसिस वेट व्हॉल्व्ह पंधरा मिनिटं मॅन्युअलवर ठेवून बघा. हेलकावा थांबला तर कंट्रोलर स्वतःच्याच मागे धावतोय, त्याचं ट्यूनिंग ढिलं करा. चालूच राहिला तर चेस्टचा अजिटेटर, चेस्टमधला मृत कोपरा, किंवा ब्रोकचा (मशीनवरच फाटलेल्या कागदाचा) पल्प धडाधड सोडण्याची सवय तपासा. ब्रोक एकसारख्या प्रमाणात जायला हवा. चेस्ट भरली म्हणून एकदम सोडला की तासभर शीटचं गणित बिघडतं.

रुंदीत एकाच जागी उभा दोष

बॉक्सवाल्यांच्या निम्म्या तक्रारी इथल्या. पूर्ण रुंदीच्या पट्टीचे १० × १० सेंटिमीटरचे तुकडे टेम्प्लेट लावून कापा, २.६ मीटरला २६ तुकडे होतात. १०० चौरस सेंटिमीटरच्या तुकड्याचं वजन ग्रॅममध्ये घेऊन १०० ने गुणलं की जीएसएम. १.२०० ग्रॅम म्हणजे १२०. तिन्ही पट्ट्यांची सरासरी काढून आलेखाच्या कागदावर मांडा, टेंडिंग साइड डावीकडे.

पण इथे थांबू नका. जड दिसणारा तुकडा जड आहे की ओला? ८ टक्के ओलाव्याच्या १२० जीएसएममध्ये कोरडा माल ११०.४ असतो. तोच माल ६ टक्क्यांवर ११७.४ दाखवतो. कोरडं वजन न करता लिप फिरवणारा माणूस अडीच ग्रॅमच्या ओलाव्यामागे धावत असतो. म्हणून तेच तुकडे १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवून परत तोला. एकाच कागदावर दोन रेषा काढा, कोरड्या वजनाची आणि ओलाव्याची. कोरडी रेषा वाकडी असेल तर काम हेडबॉक्सवर. कोरडी सरळ आणि ओलाव्याची वाकडी असेल तर प्रेस आणि ड्रायरवर. हे दोन रस्ते इथे वेगळे होतात.

कोरडी रेषा एका कडेकडून दुसरीकडे सरळ चढत गेली असेल तर लिपला हात लावू नका. आधी हेडबॉक्सच्या निमुळत्या हेडरचं (रुंदीभर पल्प वाटणाऱ्या पाइपचं) रिसर्क्युलेशन, म्हणजे दुसऱ्या टोकातून परत जाणारा पल्प, बघा. ते कमी पडलं तर हेडरच्या दूरच्या टोकाला दाब वाढतो आणि ती कड जड होते. जास्त झालं तर उलट. दोन टोकांना जोडणारी पारदर्शक नळी असेल तर तिच्यातलं पाणी स्थिर राहील इतपत व्हॉल्व्ह लावा. नळी शेवाळाने काळी पडलेली असते, ती आधी साफ करा.

तीन-पाच सेंटिमीटरचा अरुंद उंचवटा किंवा खड्डा असेल तर लिपवर तंतूंचा गोळा सुकून बसलाय किंवा लिपला खाच पडलीय. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने पुसा, लोखंडी पट्टीने नाही. दोन्ही कडाच हलक्या असतील तर डेकल बोर्डच्या (वायरच्या बाजूच्या आडोशाच्या) कडेने गळती आहे.

आणि रेषा करवतीच्या दात्यांसारखी वरखाली असेल तर तो माणसांनी केलेला दोष आहे. प्रत्येक शिफ्टने आपापल्या परीने लिप वरखाली करणारे स्पिंडल फिरवलेले असतात. एक स्पिंडल दाबला की तिथला माल शेजारच्या दोन ठिकाणी सरकतो, मग तिथे दाबलं जातं, आणि लिप साप होऊन बसते. अशा वेळी बंदमध्ये लिप पूर्ण सरळ करून फीलर गेजने उघाड सगळीकडे सारखी करणं हाच उपाय. पुण्याकडे औद्योगिक भागाची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. ग्राहकाचा प्लांट त्या दिवशी बंद असल्यामुळे आपला शटडाउनही त्याच दिवशी घेतला तर हे काम शांतपणे होतं. नंतर चालू मशीनवर एका वेळी एकच स्पिंडल, एक अष्टमांश फेरी. स्पिंडलची पिच १ मिमी असेल तर ही ०.१२५ मिमी झाली, आणि २० मिमी उघाडीवर हा फरक सुमारे ०.६ टक्के. ऐकायला किरकोळ, पण प्रोफाइल दुरुस्त करायला एवढा पुरतो. स्पिंडल फार वाकडेतिकडे झाले की धारेत आडवे प्रवाह उठतात, तंतू तिरके बसतात आणि कागद कोपऱ्याकडे वळतो. जीएसएमची रेषा सरळ दिसूनही शीट वळते, ती अशी.

ढगाळ शीट

उजेडाच्या पेटीवर कागद मेघ दाटल्यासारखा दिसला की बहुतेक जण रिटेन्शन एडचा (तंतू वायरवर धरून ठेवणाऱ्या केमिकलचा) पंप बघतात. बघावाच, डोस जास्त झाला की तंतूंच्या गुठळ्या होतात. पण डोस टप्प्याटप्प्यानेच कमी करा आणि प्रत्येक वेळी वायरच्या ट्रेमधल्या पाण्याची कन्सिस्टन्सी मोजा. हेडबॉक्स ०.८० टक्के आणि ट्रे ०.२४ टक्के असेल तर फर्स्ट पास रिटेन्शन (पहिल्याच फेरीत वायरवर राहिलेला माल) ७० टक्के: दोघांतला फरक भागिले हेडबॉक्स, गुणिले १००. ट्रेचा आकडा वाढायला लागला की मागे या.

त्याआधी धारेचा आणि वायरचा वेग जुळतोय का ते काढा. धारेचा वेग म्हणजे दोन गुणिले ९.८१ गुणिले हेड मीटरमध्ये, त्याचं वर्गमूळ. सेकंदाला ५ मीटरसाठी हेड लागतं १२७ सेंटिमीटर. दोन्ही वेग तंतोतंत सारखे असणं चांगलं, अशी समजूत बऱ्याच ठिकाणी आहे; प्रत्यक्षात तिथेच शीट सगळ्यांत ढगाळ बसते, कारण गुठळ्या मोडायला ओढच मिळत नाही. धार एक-दोन टक्के पुढे किंवा मागे ठेवा. हेडमध्ये साधारण अडीच सेंटिमीटर बदल म्हणजे वेगात एक टक्का. वेगांत फरक जितका जास्त तितके तंतू लांबीच्या दिशेला झोपतात, लांबीतली ताकद वाढते आणि रुंदीतली उतरते. रिंग क्रशची (कागदाची कड दाबून मोजायच्या ताकदीची) मागणी असेल तर हे आधी ग्राहकाशी बोलून घ्या.

तरी ढग हटले नाहीत तर पातळ करा. हेडबॉक्स ०.८ टक्क्यांवरून ०.६ वर आणला की पाणी एक तृतीयांशाने वाढतं. ते वायरने पेललं पाहिजे: ड्राय लाइन (वायरवर पाण्याची चकाकी संपते ती रेषा) पुढे सरकते, आणि ती पहिल्या-दुसऱ्या सक्शन बॉक्सच्या पलीकडे गेली तर काउचवर (वायरच्या शेवटच्या रोलवर) शीट ओली येईल आणि प्रेसमध्ये चिरडेल. ड्राय लाइनकडे दर तासाला बघायची सवय ठेवा. ती सरळ असेल तर ठीक. तिला बोटं फुटल्यासारखी दिसली तर त्या बोटांच्या जागी माल जड आहे, आणि ही बातमी रील उतरण्याच्या अर्धा तास आधी फुकटात मिळते.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या कागदीपुऱ्यात एकेक शीट साच्यावर उचलायचे तेव्हा ढग मोडायचं काम कारागिराच्या हातातल्या हिसक्याने व्हायचं. जुन्या, हळू मशीनवर ब्रेस्ट रोलला असलेला शेक तेच करतो. गंजून बंद पडलेला असेल तर तो आधी दुरुस्त करा, केमिकल नंतर मागवा.

कुठेही उमटणारी भोकं आणि डाग

इथे अंतर मोजून उपयोग नाही. दहापट भिंग घ्या आणि भोकाची कड बघा.

कड पिवळट-तपकिरी, तेलकट पारदर्शक आणि तुकडा ओला केल्यावर बुळबुळीत असेल तर ती स्लाइम. निनहायड्रिनचा थेंब टाकून गरम केल्यावर जांभळी छटा आली तर जिवाणूंचीच खात्री. कड स्वच्छ, भोक बारीक गोल आणि अशी बरीच भोकं एकत्र असतील तर हवा. डाग काळपट चकचकीत आणि गरम इस्त्रीखाली मऊ होऊन ओढल्यावर तार सुटत असेल तर स्टिकी, म्हणजे टेप आणि हॉट मेल्टचा गोंद. भोक नसून फक्त पातळ गोल ठिपका असेल तर वरून पाणी टपकतंय. शॉवरचा पाइप आणि छताचं कंडेन्सेशन बघा. पावसाळ्यात हे फार होतं.

हवेचं मूळ बरेचदा फॅन पंपाच्या सक्शन बाजूच्या ग्लँडमध्ये असतं, किंवा ट्रेचं पाणी उंचावरून पिटमध्ये कोसळत असतं. पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीखाली न्या. अलम-रोझिनवर (कागदाने पाणी शोषू नये म्हणून घालायचं साइझ), ४.५ ते ५.५ पीएचला चालणाऱ्या मशीनवर आणखी एक कारण असतं: वेस्टमधलं कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडतं. कोटेड किंवा लिहिण्या-छापण्याच्या कागदाचा वेस्ट वाढला की फेस वाढला, असं जुळत असेल तर डीफोमर ओतत बसण्यापेक्षा फर्निश (कच्च्या मालाचं मिश्रण) बदला. डीफोमर जास्त झाला की तो स्वतःच डाग पाडतो आणि कॉबही (कागद किती पाणी शोषतो तो आकडा) बिघडवतो.

स्टिकीवर सगळ्यांत स्वस्त उपाय पल्परमध्येच आहे: गोंद बारीक होऊ न देणं. पल्पर जरुरीपेक्षा जास्त वेळ आणि गरम चालवू नका. मोठा तुकडा स्क्रीनवर अडकतो, चिरडलेला वायरपर्यंत पोचतो. टाल्कने चिकटपणा कमी होतो, टनाला ५ ते १० किलोपासून सुरुवात करा.

वाळू आणि काळे ठिपके वाढले, विशेषतः पावसात भिजलेल्या चिखलट गाठी आल्यावर, तर सेंट्रीक्लीनरची (पल्प गरगर फिरवून जड कचरा काढणाऱ्या शंकूंची) रिजेक्ट टोकं एकेक करून बघा. एखादं बुजलेलं असतंच. इनलेट आणि अॅक्सेप्टमधला दाबाचा फरक साधारण दीड किलोच्या आसपास आणि कन्सिस्टन्सी एक टक्क्याच्या आत हवी. फरक घसरला की क्लीनर नुसता पाइप उरतो.

स्लाइमसाठी बायोसाइड थेंब थेंब न सोडता ठरावीक वेळी एकदम द्या आणि दोन प्रकार आलटून पालटून वापरा. आठवड्याच्या बंदमध्ये पल्प चेस्टमध्ये नुसता ठेवला तर शुक्रवारी तो काळा आणि कुजक्या वासाचा निघतो. चेस्ट रिकामी करा, नाहीतर अजिटेटर चालू ठेवा. अशा कुजलेल्या चेस्टमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. तो जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस आत कोसळतो; त्याला काढायला उतरलेला दुसराही. गॅस मोजल्याशिवाय, हवा खेळवल्याशिवाय, परवाना आणि बाहेर उभा माणूस असल्याशिवाय चेस्टमध्ये कुणीही उतरायचं नाही.

प्रेस आणि ड्रायर

ओलाव्याच्या रेषेत ठरावीक अंतरावर, समजा दर १५ सेंटिमीटरला, बारीक पट्टे दिसत असतील तर फेल्टच्या हाय प्रेशर शॉवरजवळ जाऊन दोन मिनिटं उभे राहा. नोझलही १५ सेंटिमीटरवर असतील आणि पाइप हलत नसेल, तर ऑसिलेटर बंद पडलाय. नोझलखालची फेल्ट धुतली जातेय, मधली बुजतेय. पाइपचा स्ट्रोक नोझलच्या अंतराएवढा हवा आणि फेल्टच्या एका फेरीत तो धारेच्या जाडीएवढाच, म्हणजे साधारण १ मिमी, सरकला पाहिजे. जोरात हलवला की चांगलं धुतलं जातं हा गैरसमज आहे. त्याने फेल्टवर तिरके पट्टे सुटून जातात.

मध्य ओला आणि कडा कोरड्या असतील तर प्रेस रोलचा क्राउन (मधला फुगवटा) कमी पडतोय किंवा लोड त्याच्या हिशेबापेक्षा जास्त आहे. बंदमध्ये निपमध्ये कार्बन आणि पांढरा कागद ठेवून छाप घ्या. टोकांना छाप रुंद म्हणजे क्राउन कमी, मध्ये रुंद म्हणजे जास्त.

पहिल्या प्रेसनंतर शीट फाटलेल्या दुधासारखी, दाणेदार झाली तर ती चिरडतेय: इतकं पाणी निपमध्ये येतंय की त्याला बाहेर पडायला वाट नाही. पहिल्या प्रेसचा लोड कमी करा, काउचचा व्हॅक्यूम आणि फेल्टची स्वच्छता बघा, मग लोड परत वाढवा.

ड्रायरमध्ये एकच सिलिंडर शेजाऱ्यांपेक्षा आठ-दहा अंशांनी थंड असेल तर त्यात कंडेन्सेट साचलंय. त्याचा निचरा करणारा सायफन किंवा ट्रॅप बघा. चकचकीत पृष्ठभागावर इन्फ्रारेड गन खोटं बोलते, टेकवायचा पायरोमीटर वापरा. पहिले दोन-तीन सिलिंडर ६०-७० अंशांपासून चढत्या क्रमाने ठेवा. सुरुवातीलाच तापवले की ओली शीट चिकटते, तंतू उपटले जातात आणि डॉक्टरवर भुगा साठतो. शीट कप होत असेल तर शेवटच्या गटात वरच्या आणि खालच्या सिलिंडरच्या स्टीममध्ये ०.२ किलोचा फरक करून बघा. वळण वाढलं तर फरक उलटा करा.

कॉब आणि बीएफ

कॉब६० मध्ये १०० चौरस सेंटिमीटरच्या कड्यात १०० मिली पाणी, ४५ सेकंदांना ओतून टाकणं, ६० व्या सेकंदाला ब्लॉटिंगवर १० किलोचा रोलर. वाढलेलं वजन ग्रॅममध्ये गुणिले १००. दोन शिफ्टचे आकडे जुळत नसतील तर आधी घड्याळ आणि रोलर तपासा, साइझ नंतर.

बीएफ (बर्स्ट फॅक्टर) म्हणजे बर्स्टिंग स्ट्रेंग्थ (चौरस सेंटिमीटरला किलो) गुणिले १००० भागिले जीएसएम. १२० जीएसएमला १८ बीएफ हवा तर गेजवर २.१६ यायला हवं. कमी आला की रिफायनर (तंतू कुटणारं यंत्र) दाबणं सोपं वाटतं. पण त्याने फ्रीनेस उतरतो, पाणी सुटत नाही, ड्राय लाइन पुढे जाते आणि ओल्या कडेची तक्रार नव्याने सुरू होते. आधी शीट ढगाळ आहे का ते बघा. कागद पातळ जागेवरच फुटतो.

बदल किती वेळाने कळतो

एका वेळी एकच बदल करा. स्लाइस किंवा हेड बदललं तर दोन-तीन मिनिटांत कागदावर दिसतं. मशीन चेस्टच्या आधी काही बदललं तर चेस्ट रिकामी व्हायला लागणारा वेळ, साधारण २० ते ३० मिनिटं. केमिकलचा डोस बदलला तर ट्रेचं पाणी फिरून फिरून स्थिरावेपर्यंत तास धरा. दहा मिनिटांत फरक दिसला नाही म्हणून डोस आणखी वाढवला की तासाभराने दोन्ही बदल एकदम अंगावर येतात. शिफ्ट बदलायच्या आधी अर्धा तास मोठा बदल करू नका, कारण त्याचा परिणाम पुढच्या माणसाला दिसतो आणि कारण मागच्याला ठाऊक असतं.

वहीत वेळ, रील नंबर, काय बदललं, किती बदललं, आणि दोषाचा बोटभर तुकडा स्टेपल करून. दोषाची पहिली खूण दिसलेल्या रीलच्या एक आधीचं रीलही बाजूला ठेवून तपासा. दोष रीलच्या मध्येच सुरू झालेला असतो आणि तक्रार येते ती त्या आधीच्या रीलबद्दल.